गवत, वाळू की सिंथेटिक? नागपूरच्या काळ्या जमिनीवर घोड्यासाठी ट्रॅक करण्याआधी

एका घोडामालकाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. चार वर्षांचा थरोब्रेड घोडा पुण्याच्या पावसाळी हंगामात तीन शर्यती जिंकला. पुढे मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सला फेब्रुवारी-मार्चमध्ये दोनदा मागे पडला. उमरेड रोडला २० एकर काळी जमीन आहे. या घोड्याला सगळ्यात चांगला पृष्ठभाग कोणता, तसा ट्रॅक शेतावर करावा का, आणि तोवर गावातल्या शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) पट्टीवर पळवला तर चालेल का?

शेवटचं आधी. शंकरपटाच्या पट्टीवर पळवू नका. ती पट्टी बैलासाठी दाबून कडक केलेली असते. बैलाचा खूर दुभंगलेला असतो, तो जमिनीवर पसरतो आणि धक्का वाटून घेतो. घोड्याचा खूर एकसंध असतो, त्यामुळे धक्का सरळ वर फेटलॉकच्या (खुराच्या वरच्या, घोट्यासारख्या) आणि गुडघ्याच्या सांध्यात जातो. शिवाय पट्टी संपल्यावर घोडा थांबवायला जागा नसते. ताशी साठ किलोमीटर वेगाने पळणाऱ्या घोड्याला सावकाश ओढून घ्यायला दीड-दोनशे मीटर तरी मोकळे लागतात.

आता मुख्य प्रश्न. मुंबई, पुणे, हैदराबाद, बेंगळुरू, कुठेही जा, शर्यत टर्फवर म्हणजे गवतावरच होते. म्हणजे शर्यतीपुरता ‘गवत की वाळू’ हा पर्याय तुमच्यापुढे नाहीच. पर्याय दोन ठिकाणी आहे: कोणत्या ओलाव्याच्या गवतावर पळवायचा, आणि रोजची मेहनत कशावर घ्यायची. दुसरा जास्त महत्त्वाचा. घोडा वर्षात आठ-दहा शर्यती पळतो, पण मेहनत आठवड्यातले सहा दिवस करतो. पाय बिघडतात ते बहुतेक तिथे. शर्यतीत फक्त ते उघडं पडतं.

तुमच्या निकालांवरून ‘याला मऊ जमीन आवडते’ असा निष्कर्ष लगेच काढू नका. तीन शर्यती जिंकलेल्या घोड्याचं हँडिकॅप रेटिंग (त्याच्या कुवतीचा ठरवलेला आकडा) वर जातं. पुढच्या शर्यतीत वजन वाढतं किंवा वरच्या वर्गातले घोडे समोर येतात. मुंबईत हरला तो कडक जमिनीमुळे की चार-पाच किलो जास्तीच्या वजनामुळे, हे कागदावर मांडल्याशिवाय कळत नाही. एक वही करा आणि प्रत्येक शर्यतीची एक ओळ लिहा: तारीख, अंतर, वजन, पेनेट्रोमीटरचा आकडा (जमीन किती मऊ ते), किती लेंग्थने (घोड्याच्या लांबीच्या मापाने) जिंकला वा हरला, शेवटच्या ६०० मीटरची वेळ, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुढच्या पायांत गरमी किंवा सूज होती का. शेवटचा रकाना सगळ्यात बोलका असतो आणि नेमका तोच कोणी भरत नाही. कडक जमिनीवर हरला पण सकाळी पाय थंड, चारा संपवलेला, तर दोष बहुधा वजनाचा किंवा अंतराचा. हरला आणि दोन दिवस पुढचे पाय आखडून टाकत होता, तर जमिनीचा.

पेनेट्रोमीटर म्हणजे एक चौरस सेंटिमीटर टोकाची सळई. तिच्यावर एक किलोचं वजन एक मीटरवरून तीनदा सोडतात आणि सळई किती सेंटिमीटर आत गेली ते मोजतात. असं ट्रॅकभर करून सरासरी काढतात. आकडा मोठा तर जमीन मऊ. शर्यती भरवणारा क्लब शर्यतीच्या दिवशी हा आकडा जाहीर करतो. पण पुण्याचा ३ आणि मुंबईचा ३ घोड्याला सारखा लागेलच असं नाही, कारण खालची माती, गवताच्या मुळ्यांची जाळी आणि पाणी दिल्यापासून गेलेला वेळ वेगळा असतो. म्हणून पुण्याचे आकडे पुण्याशी आणि मुंबईचे मुंबईशी ताडून पाहा. सरासरीत एक गोष्ट लपते ती म्हणजे कुंपणालगतची पट्टी. तिथे सगळे घोडे पळतात, त्यामुळे हंगामाच्या शेवटी ती उखडलेली असते आणि आकडा चांगला असूनही आतला घोडा खड्ड्यातून पळतो. शक्य असेल तर शर्यतीच्या सकाळी ट्रेनरबरोबर शेवटचे ४०० मीटर चालून पाहा. बुटाची टाच आत आणि बाहेर दोन्हीकडे रोवून बघितली की पुरेसं कळतं.

घोड्याची चाल पाहूनही अंदाज येतो. गुडघा उंच उचलून, वरून पाय टाकणारा, मोठ्या पसरट खुराचा घोडा ओल्या जमिनीवर टिकतो. जमिनीलगत लांब, सपाट पाय फेकणारा घोडा कोरड्या, वेगवान टर्फवर खुलतो आणि चिखलात त्याची लय मोडते. हा ठोकताळा आहे. वही आणि ठोकताळा यांचं जुळलं नाही, तर वहीवर विश्वास ठेवा.

वंशावळीवर तर त्याहून कमी. संडे सायलेन्स हा घोडा १९८९ मध्ये अमेरिकेत मातीच्या ट्रॅकवर केंटकी डर्बी आणि प्रीकनेस जिंकला. जपानला गेल्यावर त्याच्या पिल्लांनी गवतावर राज्य केलं. १९९५ पासून सलग तेरा वर्षं तो तिथला अव्वल सायर (पैदाशीचा नर) होता. उलट अव्वल घोडासुद्धा सगळीकडे अव्वल असतोच असं नाही. कर्लिनने २००८ मध्ये मातीवर दुबई वर्ल्ड कप सहज जिंकला. त्याच वर्षी टर्फवर उतरवला तर दुसरा आला, आणि सँटा अनिटाच्या सिंथेटिक ट्रॅकवर ब्रीडर्स कप क्लासिकमध्ये चौथा. ती शर्यत जिंकली युरोपात गवतावर पळणाऱ्या रेव्हन्स पासने. सिगार नावाचा घोडा गवतावर सुमार निघाला होता. ऑक्टोबर १९९४ मध्ये त्याला मातीवर आणलं आणि तिथून तो सलग सोळा शर्यती जिंकला. पृष्ठभाग बदलणं ही एवढी मोठी गोष्ट असू शकते.

हे का होतं? पूर्ण चौखूर धावताना पुढच्या एका पायावर क्षणभर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो. पाचशे किलोच्या घोड्याच्या एका खुरावर सव्वा टन. टेकताना खूर थोडा पुढे सरकतो, मग रुततो, मग टोकावर वळून सुटतो. मातीच्या ट्रॅकवर तो जास्त सरकतो आणि वरचा भुसभुशीत थर मागे फेकला जातो, म्हणून तिथे सुरुवातीला पुढे जाऊन तोंडावर माती न खाणारा घोडा फायद्यात राहतो. गवतावर खूर लवकर धरतो, घोडे दम राखतात आणि शर्यत शेवटच्या सरळीत होते. सिंथेटिकमध्ये वाळू, धागे, रबर यांवर मेणाचा लेप असतो. त्याची पकड गवतासारखी, सरकणं मातीपेक्षा कमी.

सिंथेटिकचा मुद्दा सुरक्षिततेचा आहे आणि तो खरा आहे. अमेरिकेच्या जॉकी क्लबच्या नोंदीत शर्यतीतल्या जीवघेण्या दुखापतींचं प्रमाण सगळ्यात जास्त मातीवर आणि सगळ्यात कमी सिंथेटिकवर दिसतं. सगळे पृष्ठभाग मिळून दर हजार धावांमागे २००९ मध्ये २.०० असलेला दर २०२३ मध्ये १.३२ वर आला. याच काळात सँटा अनिटा, डेल मार, कीनलँड आणि दुबईचं मेदान यांनी सिंथेटिक काढून माती आणली, म्हणजे सुधारणा केवळ पृष्ठभाग बदलून झालेली नाही. मोजमाप, तपासणी आणि रोजची देखभाल यांचा त्यात मोठा वाटा आहे.

तरीही नागपूरला सिंथेटिक करू नका. मेण तापमानाबरोबर बदलतं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना दुपारी मऊ पडलेला ट्रॅक आणि जानेवारीच्या पहाटेचा गारठलेला ट्रॅक हे एकाच घोड्यासाठी दोन वेगळे ट्रॅक आहेत. काही वर्षांनी मेणाचा लेप पुन्हा द्यावा लागतो, त्याचे जाणकार इथे नाहीत. एका-दोन घोड्यांसाठी हा खर्च उधळपट्टी आहे.

गवताचं काय? आपली हरळी चिवट आहे, मुळं जाळीदार आहेत, उन्हाला टिकते. अडचण खालच्या काळ्या मातीची आहे. मृग बरसला की ती फुगते आणि खुरात चिकट गोळे बसतात. एप्रिल-मेमध्ये सुकून तिला भेगा पडतात. हाताचा पंजा जाईल एवढी भेग हरळीखाली झाकली गेली की घोड्याचा पाय मोडायला दुसरं काही लागत नाही. म्हणून गवताची एकच सरळ पट्टी ठेवा, ३०० मीटर लांब, ८ मीटर रुंद, नियमित पाणी दिलेली. वापर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आठवड्यातून एकदा, दर वेळी दोन मीटर बाजूला सरकून. ती कशासाठी ते पुढे येतं.

रोजच्या कामासाठी वाळू. एक आधीच सांगतो: हंगामात घोडा क्लबच्या तबेल्यात परवानाधारक ट्रेनरकडेच राहणार. शेतावरचा ट्रॅक हा विश्रांतीनंतर घोडा पुन्हा बांधायचा, ट्रॉट (दुडकी) आणि कँटरचा (मध्यम वेगाची दौड). जोरदार गॅलप (पूर्ण वेगाची दौड) क्लबमध्येच होऊ द्या. म्हणून मोठा खटाटोप नको. १००० मीटरची लांबट चकरी, ६ मीटर रुंद. दोन सरळ बाजू २२० मीटरच्या आणि वळणाची त्रिज्या ९० मीटर धरली, तर जागा लागते साधारण ४१० बाय १९० मीटर, म्हणजे सव्वाएकोणीस एकर. तुमचं शेत लांबुळकं असेल तर काठावर बसेल. नसेल बसत तर वळण आवळू नका, सरळ ६०० मीटरची पट्टी करा. सेकंदाला १० मीटर वेगाच्या कँटरला ९० मीटर त्रिज्येवर आडवा भार वजनाच्या सुमारे ११ टक्के पडतो. त्रिज्या ५० केली तर तोच २० टक्के होतो, आणि तो पायांच्या सांध्यांवर जातो.

काळ्या मातीत सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे खोदून भरणं. लोक दोन-अडीच फूट काळी माती काढतात आणि त्या खड्ड्यात मुरूम ओततात. काळी माती पाणी झिरपू देत नाही, म्हणजे तुम्ही सहा मीटर रुंद हौद बांधला. पहिल्या जोरदार पावसात तो भरतो, खालून माती फुगते, मुरूम ढासळतो आणि चिखल वाळूत वर येतो. नागपूरला वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. ट्रॅक भोवतालच्या जमिनीपेक्षा उंच हवा.

क्रम असा ठेवा. मुळांसकट वरची २० ते ३० सेंटिमीटर माती खरवडून काढा. उघड्या पडलेल्या मातीला आतल्या बाजूला २ टक्के उतार द्या, म्हणजे ६ मीटरला १२ सेंटिमीटर, आणि रोलर फिरवा. आतल्या काठाने ६० सेंटिमीटर खोल चर काढा आणि तो नाल्यापर्यंत न्या. चर शेतातच संपला तर तोही हौदच. मातीवर न विणलेलं जिओटेक्स्टाइल कापड पसरा, जोडावर ३० सेंटिमीटर एकमेकांवर येऊ द्या. त्यावर मुरूम दोन थरांत, प्रत्येक थर दाबून १० सेंटिमीटर. मुरूम बरड रानाचा, कडक आणि खडेदार घ्या. मातट मुरूम पावसात साबण होतो. त्यावर ४० आणि २० मिलिमीटरच्या गिट्टीचा मिळून १० सेंटिमीटर थर, आणि गिट्टीच्या फटी क्रशरच्या चुरीने भरून रोलर. शेवटी १० सेंटिमीटर वाळू. वळणावर उतार ४ टक्क्यांपर्यंत वाढवा. त्याहून जास्त केला तर पावसात वाळू आत वाहून जाते.

वाळूच्या लगेच खाली कापड टाकायचा मोह होईल, म्हणजे गिट्टी वर येणार नाही. नको. खूर कापडापर्यंत पोचला की ते फाटतं, चिंधी वर येते आणि नाल अडकते. वर येणारी गिट्टी चुरीच्या थरानेच रोखायची.

प्रमाण सांगतो म्हणजे ठेकेदाराशी बोलता येईल. क्षेत्रफळ ६००० चौरस मीटर. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. मुरूम दाबून १२०० घनमीटर, दाबण्याआधी सुमारे १५००, म्हणजे ५३० ब्रास. गिट्टी ६०० घनमीटर, २१२ ब्रास, चुरी वेगळी. वाळू ६०० घनमीटर, घट धरून २४० ब्रास. वाळूची रॉयल्टीची पावती प्रत्येक ट्रकमागे घ्या. २४० ब्रास वाळू शेतात पडलेली लपत नाही.

कन्हान नदीची वाळू बांधकामाला उत्तम, पण जशी येते तशी ट्रॅकला भरड. तिच्यात बारीक गोटे असतात. नाल आणि खुराच्या मध्ये एक गोटा अडकला की तळव्याला ठेच लागून घोडा आठवडाभर लंगडतो. २ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळूनच टाका. गाळ तपासायला काचेची बरणी अर्धी वाळूने भरा, पाणी घाला, हलवा आणि तासभर ठेवा. वर बसलेला गाळाचा थर वाळूच्या पाच टक्क्यांपेक्षा जाड असेल तर तो ट्रक परत पाठवा, कारण गाळ उन्हात टणक पपडी धरतो. उलट अगदी धुतलेली गोल कणांची वाळू पायाखाली घरंगळते. ओल्या वाळूचा मुठीत लाडू वळा: मूठ उघडल्यावर टिकावा आणि बोटाने टोचल्यावर फुटावा. क्रशरची कृत्रिम वाळू स्वस्त मिळते, तिचे कण टोकदार असल्याने पकडही धरते. पण बेसाल्टची पूड घट्ट बसते आणि खूर घासतो. पाचवा हिस्सा मिसळायला हरकत नाही, सगळी नको.

खोली हा वाळूच्या ट्रॅकचा प्राण आहे. दहापैकी वरची ५ ते ६ सेंटिमीटर मोकळी आणि खालची बसलेली, असं हवं. लोकांना वाटतं वाळू जितकी खोल तितका पाय सुरक्षित. कँटरमध्ये खूर १५ सेंटिमीटर रुतला की फेटलॉक जास्त खाली दबतो, मागचं टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) जास्त ताणलं जातं आणि घोडा दमल्यावर ते फाटतं. कडक जमीन हाडं आणि सांधे खाते, खोल वाळू टेंडन आणि सस्पेन्सरी लिगामेंट (फेटलॉकला मागून तोलून धरणारा पट्टा). हाडाचा तडा काही महिन्यांत भरतो. टेंडन फाटलं तर वर्ष जातं आणि पुन्हा तेच फाटायची भीती उरते. दोन्हीपेक्षा वाईट म्हणजे एका पावलाला कडक आणि पुढच्याला खोल: घोड्याने पाय ज्या हिशेबाने टाकला तो हिशेब चुकतो.

म्हणून सळईवर सेंटिमीटरच्या खुणा करा. आठवड्यातून एकदा दर ५० मीटरला आत, मध्ये, बाहेर अशी टोचून वाळूची खोली लिहून ठेवा. साठ नोंदी होतात. दोन जागांत २ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला की वाळू ओढून सारखी करा. आतली बाजू नेहमी उथळ होते, कारण सईस (घोडा सांभाळणारा) घोडा आतूनच नेतो. त्याला रोज वेगळ्या पट्टीतून न्यायला सांगा. वाळू सैल करायला वखर लावू नका; त्याची पास चुरीच्या थरात शिरते आणि गिट्टी वर काढते. ट्रॅक्टरला दातेरी हॅरो लावा, दात ६ सेंटिमीटरपेक्षा खाली जाणार नाहीत असे बांधून.

पाण्याचा हिशेब आधीच करा. ६००० चौरस मीटरवर ३ मिलिमीटर पाणी म्हणजे १८ हजार लिटर, पाच हजारांचे जवळपास चार टँकर. मे महिन्यात हे संध्याकाळी एकदा आणि पहाटे कामाआधी अर्धं असं द्यावं लागतं. विहिरीला एवढं पाणी नसेल तर उन्हाळ्यात ट्रॅक बंद ठेवा आणि घोड्याला फक्त चालवा. कोरडी वाळू म्हणजे खोल वाळूच. काम पहाटे पाचला सुरू करून साडेसहाला संपवा.

आता गवताच्या त्या पट्टीचं कारण. ज्या भाराखाली हाड रोज काम करतं, त्याच भारासाठी ते घट्ट होतं. मऊ वाळूवर तीन महिने कँटर केलेला घोडा बाहेरून चमकतो, पण त्याच्या नळीच्या (गुडघ्याखालच्या) हाडाने कडक जमिनीचा धक्का पाहिलेला नसतो. तो थेट महालक्ष्मीच्या फेब्रुवारीतल्या टर्फवर उतरला की नळी दुखते. तुमच्या घोड्याच्या मुंबईतल्या दोन हारींमागे वजनाच्या जोडीला हेही असू शकतं. पुण्याच्या ओल्या टर्फने ते झाकून ठेवलं असेल. क्लबमध्ये पाठवण्याआधी चार ते सहा आठवडे, आठवड्यातून एकदा, ओलावा ठेवलेल्या गवतावर २०० मीटर जरा सैल लगामाने सोडा. हाडाला लांब अंतर लागत नाही, थोडी पण वेगाची पावलं पुरतात. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही नळ्यांवरून आणि मागच्या टेंडनवरून तळहात फिरवा, दोन्ही पाय ताडून. एका बाजूला ऊब लागली तर त्या आठवड्याचं गवत रद्द.

आणि घोडा क्लबला नेताना: नागपूरहून हैदराबाद पाचशे किलोमीटर, समृद्धी मार्गाने मुंबई सातशेच्या वर. गाडीत डोकं उंच बांधून ठेवलं तर कफ खाली येत नाही आणि छातीत संसर्ग धरतो. दर चार तासांनी थांबून मान खाली सोडू द्या, जमिनीवरून चारा खाऊ द्या. पोचल्यावर तीन दिवस फक्त चालवणं आणि सकाळ-संध्याकाळ ताप मोजणं; १०१.५ फॅरनहाइटच्या वर गेला की ट्रॅकवर न नेता आधी डॉक्टरला बोलवा.